शब्दचर्चा : ‘जबाबदार राज्यपद्धती’ म्हणजे नेमकी कसली?

परभणीकर
पुतणीचं १७ सप्टेंबरला शाळेत भाषण आहे, मराठवाडा मुक्तिसंग्रामावर. जुन्या लेखांत सारखं ‘जबाबदार राज्यपद्धतीची मागणी’ असं येतं. ती विचारते, “काका, निजामाचं सरकार बेजबाबदार होतं म्हणून का?” काय सांगावं?

गोदाकाठ
दादा, इथं ‘जबाबदार’ म्हणजे कर्तव्यदक्ष नव्हे. ज्याला जबाब देणं भाग आहे तो जबाबदार. मंत्र्यांनी लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला जबाब द्यायचा, त्याचा विश्वास उडाला की खुर्ची सोडायची, अशी ती पद्धत. हैदराबाद संस्थानात मंत्री नेमणारे निजाम, काढणारेही निजाम, मग जबाब दुसऱ्या कुणाला देणार? सालारजंगासारखा कर्तबगार दिवाण मिळाला तरी या अर्थानं राज्य ‘जबाबदार’ होत नाही. कारभार चांगला की वाईट हा वेगळा मुद्दा, आणि भाषणांत नेमकी त्याचीच सरमिसळ होते.

आणखी एक. १९३८ साली ही मागणी गादी उलथवण्याची नव्हती. निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढंच म्हणणं होतं. तरी ती करणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती संघटना रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थांसह कार्यकर्ते सत्याग्रह करून तुरुंगात गेले. १९३९ मध्ये, निजाम सरकारनंच सुधारणा सुचवायला नेमलेल्या अय्यंगार समितीनंतर, ‘सुधारणा’ जाहीर झाल्या. कायदेमंडळ वाढलं, निवडून येणाऱ्या जागा वाढल्या, पण मंत्री त्या मंडळाला जबाबदार नाहीत ते नाहीतच. मागितलेला शब्द तेवढा वगळून बाकी सगळं देऊ केलं, असं माझं मत.

लातूरचा मास्तर
घोळ ‘ला’ प्रत्ययाचाही आहे. ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार’ आणि ‘अपघाताला ड्रायव्हर जबाबदार’. पहिल्यात कुणापुढे उत्तर द्यायचं ते, दुसऱ्यात खापर कशाचं फोडायचं ते. रोजच्या बोलण्यात दुसरा अर्थ इतका बोकाळलाय की पहिला ऐकूच येत नाही. आमच्या ग्रामसभेत नळयोजनेचा हिशोब निघाला तर सरपंच म्हणाले, “त्याला मी जबाबदार नाही.” मागून एक आजोबा उठले, “खापर नाही फोडू लालो बाबा, पावत्या दाव म्हणलं.” पहिला अर्थ आजोबांना बरोबर ठाऊक होता.

‘जाब विचारणे’तला ‘जाब’ही याच ‘जबाब’चं आखूड रूप. ठाण्यात नोंदवतात तोही जबाबच.

सेलूची काकू
सोबत ‘गश्ती’ही सांगा पोरीला. निजामी कारभारात गश्ती म्हणजे परिपत्रक, खात्याखात्यांत फिरणारं. पोलिसांची ‘गस्त’ त्याच घरची. गश्ती निशाण ५३ अशी होती की जाहीर सभेला आधी सरकारची परवानगी पाहिजे. निशाण म्हणजे इथं क्रमांक, झेंडा नव्हे! १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे संस्थानातल्या मराठी लोकांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन भरलं ते असल्या दिवसांत. सभाच घेता येईना, तर जाब विचारायचा कुठं?

परभणीकर
आभार सगळ्यांचे. ‘उत्तरदायी’ लिहिलं तर चालेल का? बाईंना तो शब्द भारदस्त वाटतो.

गोदाकाठ
अर्थानं चालेल, पण त्या काळच्या मागणीतला शब्द ‘जबाबदार’च, तो बदलू नये. राज्यघटनेतही मंत्रिपरिषदेची ही सामुदायिक जबाबदारी आहे, केंद्रासाठी अनुच्छेद ७५, राज्यासाठी १६४. फक्त पोरीला ‘कुणाला जबाबदार’ हे दोन शब्द जोडून म्हणायला सांगा: “निवडून आलेल्या विधिमंडळाला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ.” वाक्य लांबेल, लांबू द्या.

सेलूची काकू
आणि ‘जबाबदार’ म्हणताना ‘बेजबाबदार’वर जोर देऊन टाळ्या घेऊ नको म्हणावं. मागच्या साली एका पोरानं घेतल्या होत्या.