जॅक प्लेटवर इंजिन किती उंच घ्यावं?

प्रश्न (शिरोळ): भावांनो, पुरासाठी गावच्या फायबर बोटीला १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लागणारं इंजिन) बसवतोय. उथळ पाण्यात पंखा बांधाला घासतोय, म्हणून जॅक प्लेट (बोट आणि इंजिनाच्या मधे बसणारी, इंजिन वर-खाली करायची प्लेट) घेतली. उंची किती ठेवू?

उत्तर: पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत धरून सुरुवात कर. प्लेटमुळं इंजिन मागं जातं. वेगात तिथं पाणी वर उचलतं, म्हणून थोडं चढवायला वाव मिळतो. वळताना पंखा नुसता गरगरला तर खाली घे. आणि इंजिन थंड ठेवायला पाणी ओढायची जाळी बुडालेलीच पाहिजे! इंजिनातून बाहेर पडणारी त्या पाण्याची पिचकारी बारीक झाली की थांबायचं, नाहीतर इंजिन तापून जाम. पुरात माणसं बसलेली असतात, भावा.

उत्तर: आधी बोटीची मागची फळी, जिच्यावर प्लेट बसते ती, ठोकून बघ, कुजली असेल तर बदल. बोल्ट आरपार, स्टेनलेसचे, भोकात मरीन सीलंट.

प्रश्नकर्ता: उद्याच फळी बघतो.