विद्यार्थीदशेतलं सवाई आणि इतर संगीत महोत्सव: तुमचे अनुभव लिहा

कोमलरिषभ

काल भाचीचा फोन. यंदा सवाईला (सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात होणारा संगीत महोत्सव) भारतीय बैठकीचं तिकीट काढलंय, मावशी सोबत काय नेऊ? शाल ने, पाण्याची बाटली ने, पाठीला काहीतरी घे असं सांगता सांगता तासभर बोलले. फोन ठेवल्यावरही मन रमणबागेतून निघेना, म्हणून हा धागा.

मी वसतिगृहात राहून शिकत होते तेव्हा उत्सव शनिवार पेठेत रमणबाग शाळेच्या मैदानावर असायचा. मुकुंदनगरला गेला तो २०१८ पासून. संध्याकाळच्या मैफलींबद्दल सगळेच लिहितात. मला सांगायचंय ते सकाळबद्दल. उत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी 'षड्ज' आणि 'अंतरंग' व्हायचं. एकात कलाकारांवरचे माहितीपट, दुसऱ्यात त्यांच्याशी गप्पा. तास बुडवून मी तिथे बसायचे.

एकदा एका तबलावादकांनी विलंबित एकतालाचा ठेका धरून दाखवला. मात्रा बाराच, पण प्रत्येकीच्या पोटात आणखी चार. गाणारा कुठेही फिरून येवो, त्याला सम (तालाची पहिली मात्रा) जागच्या जागी सापडली पाहिजे, आणि तोवर स्वतःची तयारी दाखवायचा मोह आवरायचा. त्या संध्याकाळी मंडपात बसले तर पहिल्यांदाच डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) ऐकू आला! म्हणजे तो आधीही वाजत होताच, माझे कान फक्त गायकाकडे असायचे. तेव्हापासून प्रत्येक गाणाऱ्या मुलामुलीला सांगते, नुसतं संध्याकाळी येऊ नका. सकाळी ऐकलं की संध्याकाळी जास्त ऐकू येतं.

तुम्ही विद्यार्थी असताना कुठल्या महोत्सवाला, संमेलनाला, परिषदेला गेलात? काय मिळालं? लिहा.

चहाबाज

रमणबाग!!! कुठली आठवण काढलीत. ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहितो.

रातराणी

आमच्या वेळी रात्रभर असायचं हो. घोंगड्या, थर्मास, मफलर, सगळा संसार घेऊन यायची माणसं. पहाटे भीमसेनजी गायला बसत तोवर निम्मा मंडप पेंगून परत जागा झालेला. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले (२०००चे), २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. नियम बरोबरच आहे, शेजारी आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. पण त्यामुळे एक पिढी अशी तयार झाली की तिने दरबारी हा रात्रीचा राग त्याच्या वेळेला समोर बसून ऐकलेलाच नाही. रात्री दोन वाजता, थंडीत, हजारो माणसं गप्प बसलेली असताना दरबारीतला तो आंदोलित गंधार... मोबाइलवर नाही हो मिळत ते. मुलांसाठी जीव तुटतो.

मध्यलय

@रातराणी, काही दिवस बारापर्यंत परवानगी मिळते ना पण?

रातराणी

हो, सरकार वर्षातले मोजके दिवस सवलत देऊ शकतं. पण बारा म्हणजे आमची मध्यंतराची वेळ 🙂

खर्जातली

कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

मी मंचावर बसले होते! तानपुऱ्यावर, माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे. सवाई नाही, दुसरा मोठा महोत्सव. लोकांना वाटतं मागच्या मुली शोभेला असतात. ग्रीनरूममध्ये अर्धा तास लावलेला तानपुरा मंचावर दिव्यांखाली गेला की उतरायला लागतो. मग गाणं चालू असताना तारेवरचा मणी हळूच सरकवून सूर जुळवायचा, जवारीचा (तारेखालचा, झंकार आणणारा) दोरा बघायचा, आणि हे करताना झंकार तुटू द्यायचा नाही. बाई मागे न बघता नुसती मान जराशी तिरकी करायच्या, की समजायचं, पंचम बघ. घरी शिकताना त्या मला चुका सांगत. तिथे बसल्यावर कळलं की चुकलेलं पुढच्याच आवर्तनात कसं सावरतात. श्रोत्यांना पत्ता लागला नाही, मला मागून लख्ख ऐकू आलं. माझं खरं शिक्षण त्या जागेवर झालं असं मी मनापासून मानते.

झाल्या शिट्ट्या.

मिरजवाला

तानपुरा निघाला म्हणून राहवलं नाही. आमच्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं बरं का मंडळी! भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. भोपळा मिळाला म्हणून लगेच तानपुरा होत नाही, तो आधी नीट वाळावा लागतो, मग कारागिराचा हात लागतो.

आणि विद्यार्थ्यांनो, मिरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा असते. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, म्हणजे पुण्याच्या उत्सवाचं मूळ आमच्याकडे आहे 😀 मी शाळेत असल्यापासून जातो. कुणीही यावं, कुठेही बसावं. मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावतात, सेवा म्हणून.

ओवी_वाचते

@मिरजवाला, आईचा जुना तानपुरा आहे, भोपळ्याला बारीक तडा गेलाय. दुरुस्त होईल का?

मिरजवाला

होतो बहुतेक वेळा. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा, दाखवून सांगतो. तोवर तारा सैल करून ठेवा, ताण नको.

ध्वनिवेडा

माझा अनुभव वेगळा आहे, चालेल ना? मी साउंडचा कोर्स करत होतो तेव्हा मुंबईत संगीत व्यवसायावरच्या एका परिषदेला गेलो. दिवसभर चर्चासत्रं, संध्याकाळी नव्या बँडचे कार्यक्रम. विद्यार्थी सवलतीत पास मिळाला तरी खिशाला जडच होता.

तिथे पहिल्यांदा नीट कळलं की एका गाण्यात हक्क वेगवेगळे असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा तिसरा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराने हक्क कंपनीला लिहून दिले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडून देता येत नाही, असं त्यात आलं. मी शेजारी बसलेल्या बासरीवाल्या मुलाकडे बघितलं, तो भराभर वहीत उतरवून घेत होता. त्याने विचारलं, बंदिश शंभर वर्षं जुनी असेल तर? उत्तर मिळालं, रचनाकार जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर बंदिश सर्वांची, पण तू वाजवलेलं वादन तुझं, आणि कलाकाराचा तो हक्क पन्नास वर्षं राहतो.

शास्त्रीय गाणाऱ्या किती मुलांना हे कुणी सांगतं? मैफल रेकॉर्ड होते, कुठेतरी चढते, हजारो लोक ऐकतात, कलाकाराला काही नाही. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी-अंकी कोड असतो, तो आणि सगळ्या साथीदारांची नावं नीट भरा. तबलजीचं नाव गाळू नका रे! मला याची फार तळमळ आहे.

कोमलरिषभ

@ध्वनिवेडा, अगदी चालेल, धाग्यात हेच हवं होतं. भाचीला पाठवला प्रतिसाद.

बडोदेकर

परिषदेचं म्हणाल तर पहिली अखिल भारतीय संगीत परिषद संगीतशास्त्रज्ञ भातखंडेंनी आमच्या बडोद्यात भरवली, १९१६. सयाजीरावांचा आश्रय. चालू द्या.

इडलीप्रेमी

चेन्नईला होते दोन वर्षं, एमएस्सीला. डिसेंबरात म्युझिक अकॅडमीत सकाळी सप्रयोग व्याख्यानं, मग दिवसभर मैफली. कर्नाटक संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या पाटीअम्मा (आजी) हातावर ताल धरून दाखवायच्या, मीही धरायचे. चापू तालात अडखळले की माझं मनगट धरून बरोबर जागी आणायच्या. भाषा एक शब्द समान नाही. आणि तिथलं कँटीन!! त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

चहाबाज

काढाच तो धागा. (माझं सविस्तर उद्या, पाहुणे आलेत.) शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांची भैरवी ध्वनिमुद्रिकेवर लावतात तेव्हा कोण कोण उभं राहतं? मी राहतो.

खर्जातली

मी पण. डोळे भरतात दर वेळी.

नवी_आई

वाचतेय सगळं, छान धागा. मुलगा आठ वर्षांचा, तबला शिकतोय. नेऊ का? बसेल का इतका वेळ?

रातराणी

अवश्य न्या. तबला, सतार असेल तो दिवस निवडा. कडेला बसा म्हणजे उठता येईल, कंटाळला की वाद्यांच्या स्टॉलवर फिरवून आणा. झोपला तर झोपू दे, आमची मुलं तशीच मोठी झाली.

मध्यलय

आणि कानटोपी. मोकळ्या मैदानात आठनंतर चांगलंच गारठतं.