मदत हवी आहे: टेंपरेचर गन आमरसाच्या टोपावर भलतेच आकडे दाखवते

नमस्कार मंडळी.

देवगड तालुक्यात आमचं छोटं घरगुती युनिट आहे. कॅनिंगला जाणाऱ्या आंब्यातला थोडा मागे ठेवून जाऊबाई आणि मी रस काढतो, तापवून बाटल्या भरतो, उरलेल्या रसाची साठं घालतो. रस ८५ अंशांच्या वर गेला की गरम गरमच बाटलीत ओतून बूच लावायचं, ही आमची रीत. आजवर सळईवाल्या डिजिटल थर्मामीटरवर भागत होतं. पण सळई दर वेळी धुवा, वाफेत हात धरा, त्यात रस फदफदायला लागला की मनगटावर उडतोच. म्हणून यंदा लेझरवाली टेंपरेचर गन घेतली.

आता गंमत बघा. सळई रसात ८८ दाखवत असताना गन स्टीलच्या टोपाच्या बाहेरच्या बाजूला ४७ दाखवते. वरून रसावर रोखली तर कधी ७६, कधी ८३, एका जागी आकडा ठरत नाही. आणि मागच्या पडवीत चुलीवर पाणी तापवायचं काळंकुट्ट पातेलं आहे, त्यावर मात्र आकडा पटण्यासारखा येतो! दुकानदार म्हणतो, सगळ्यांच्या अशाच दाखवतात, परत घेणार नाही.

गन खराब आहे का? घरच्या घरी तपासायची कशी? दुसरं म्हणजे पाऊस तोंडावर आलाय. करोनात घेतलेली कपाळावर धरायची गन पहिल्याच पावसाळ्यात गेली. स्क्रीनच्या आत बाष्प, बॅटरीच्या स्प्रिंगवर हिरवा थर. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ही तरी टिकावी म्हणून काय करू?

प्रतिसाद: बंदरावरचा मिस्त्री

ताई, गन बिघडलेली नाय हा. टोप चकचकीत आसा, ह्याच कारण.

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. मी ट्रॉलरची इंजिनं बघतो, ही गन रोज हातात असते. ती वस्तूला शिवत नाही, वस्तूतून निघणारे इन्फ्रारेड किरण मोजते आणि त्यावरून तापमान काढते. काळी, खरबरीत, ओली वस्तू हे किरण भरपूर सोडते. घासलेलं स्टील आणि ॲल्युमिनियम फार कमी सोडतं, उलट आजूबाजूचे किरण आरशासारखे परत फेकतं. म्हणजे टोपावर रोखलीत तेव्हा गनने थोडा टोप आणि बराचसा तुमचा ओटा, भिंत नि तुम्ही स्वतः मोजलात. काजळी धरलेलं पातेलं त्याच कारणाने बरोबर दाखवतं.

या गुणाला एमिसिव्हिटी म्हणतात. स्वस्त गनमध्ये ती ०.९५ वर कायमची बसवलेली असते. रस, पाणी, लाकूड, रंगवलेली भिंत यांना हा आकडा चालतो, चकचकीत धातूला चालत नाही. इंजिनच्या चकचकीत पाइपावर मी उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका मारून ठेवतो आणि दर वेळी त्यावरच रोखतो. तुम्हाला खात्री करायची तर टोपात नुसतं गरम पाणी घ्या, गॅस बंद करा आणि पाण्याच्या पातळीच्या खाली बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. दोन मिनिटांनी टेपवर आणि शेजारच्या उघड्या स्टीलवर रोखून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. नंतर टेप काढून टाका, जाळावर ठेवू नका.

आणि लेझरचा ठिपका म्हणजे मोजायची जागा नव्हे. तो फक्त दिशा दाखवतो. गनवर १२:१ लिहिलेलं असेल तर ६० सेंटिमीटरवरून ती साधारण ५ सेंटिमीटर रुंद गोलाची सरासरी घेते. लांबून रोखलीत तर टोपाचा काठही त्यात येतो. चकचकीत टोपावरून तो लेझर उलटून डोळ्यात जाऊ शकतो, पोरांच्या हातात गन देऊ नका.

प्रतिसाद: रसवाला

मिस्त्रींचं बरोबर. रसाच्या बाबतीत थोडी भर घालतो, मी फळप्रक्रियेतच आहे.

रसाचा आकडा नाचतो तो दोन कारणांनी. एक, वाफ. गन आणि रस यांच्यामध्ये वाफेचा पडदा आला की आकडा खाली येतो, आणि भिंगावर दव बसलं तर आणखीच. सरळ वरून धरू नका, बाजूने थोडी तिरकी धरा, पंख्याने वाफ एका बाजूला जाऊ द्या. दुसरं, गन फक्त वरचा पापुद्रा बघते. रस स्थिर राहिला की वाफ जाऊन वरचा थर निवतो, तळाशी मात्र तो लागायच्या बेतात असतो. लाकडी कालथ्याने तळापासून ढवळा आणि ढवळता ढवळताच रोखा.

तरीही बाटल्या भरायच्या की नाही हे गनवर ठरवू नका. तो निर्णय सळईचाच. स्वस्त गनची अचूकता दोन अंश किंवा दोन टक्के इकडे-तिकडे असते, म्हणजे ८५ दाखवलं तेव्हा रस ८३ असू शकतो, आणि आतलं तापमान तर तिला कळतच नाही. गन कशाला वापरा? रस ६० वर आहे की ८० वर हे लांबून बघायला, आच वाढवायची की कमी करायची ते ठरवायला. सळई शेवटी एकदा बुडवा. निम्मा त्रास वाचेल. भरलेल्या बाटलीवर रोखलीत तर काचेचं तापमान मिळेल, रसाचं नव्हे. काचेतून हिला दिसत नाही.

प्रतिसाद: खारा वारा

घरी तपासायचं तर बर्फ. बर्फ बारीक फोडून ग्लास काठोकाठ भरा, फटी बुजतील इतकंच गार पाणी घाला, ढवळा, थोडा वेळ थांबा आणि अगदी जवळून रोखा. शून्याच्या आसपास, एक-दोन अंश इकडे-तिकडे आलं तर गन ठीक. बर्फ मात्र घरच्या फ्रीजमधला, पिण्याच्या पाण्याचा घ्या. मासळीच्या पेटीतला आणलात तर त्याला खारं पाणी लागलेलं असतं, तो शून्याच्या खालीच वितळतो आणि तुम्ही चांगल्या गनला नावं ठेवाल. उकळत्या पाण्यावर गन तपासू नका, वाफ फसवते. सळई तपासायला उकळतं पाणी उत्तम, आपल्याकडे किनाऱ्यावर ते १०० लाच उकळतं.

आणखी एक. गन स्वतःच्या तापमानाशी तुलना करून हिशेब करते. शेगडीशेजारी तापलेली किंवा एसी गाडीतून आत्ताच काढलेली गन चुकीचं सांगते. अर्धा तास खोलीत पडू दे, मग वापरा. गार गन दमट हवेत आणली की भिंगावर दव धरतंच. ते पुसायचं नाही, आपोआप उडू द्यायचं.

भिंगाला पदर लावायचा नाही, ही माझी घरातल्या सगळ्यांना सक्त ताकीद. कित्येक गनचं भिंग प्लॅस्टिकचं असतं आणि खाऱ्या हवेतली मिठाची बारीक कणी फडक्याखाली कानसीसारखी घासते. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग साध्या पाण्याने किंचित ओला केलेला कापसाचा बड गोल फिरवा. सॅनिटायझर नको. रसाचा शिंतोडा उडाला असेल तर त्याच दिवशी काढा, वाळल्यावर चिवट होतो.

पावसाळ्यात काम नसेल तेव्हा बॅटरी काढूनच ठेवा. गन हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे मिळाले तर बरे, रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून सुकवायचे. महिन्यातून एकदा डबा उघडून स्प्रिंग बघा.

प्रतिसाद: घावणेप्रेमी

मध्येच विचारतो. करोनातली कपाळाची गन माझ्याकडे अजून चालू आहे. ती घावण्याच्या तव्यावर चालेल काय?

प्रतिसाद: बंदरावरचा मिस्त्री

नाही. ती तापाच्या आकड्यांपुरतीच असते, तव्यावर नुसतं एचआय (HI, म्हणजे मोजायच्या हद्दीपेक्षा जास्त) दाखवील. आणि उलटही करू नका, ताईंच्या गनने कोणाचा ताप बघू नका. ताप बघायच्या गनमध्ये त्वचेच्या आकड्यावरून शरीराचा आकडा काढायचा हिशेब घातलेला असतो, हिच्यात नाही. बाकी घावण्याचा तवा बिडाचा, काळा, म्हणजे ताईंच्यासारख्या गनला एकदम पसंत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. टेपचा प्रयोग केला. टेपवर ८१, शेजारी स्टीलवर ४३. जाऊबाई म्हणाल्या, म्हणजे इतके दिवस आपण भिंतीचा ताप बघत होतो! बर्फात गन एक दाखवते, तेव्हा दुकानदाराशी भांडण रद्द.

एकच राहिलं. गनला जुनी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, आणि ती कमी झाली की आकडे हळूहळू उतरतात असं वाटतंय. खरंच तसं होतं, की मला भास?

प्रतिसाद: खारा वारा

होऊ शकतं. बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं की त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नवी घाला आणि पुन्हा बर्फात बघा. रस काढायच्या दिवशी एक जादा बॅटरी हाताशी असू द्या.