लीड्स: भाड्याचा फ्लॅट, स्टोरेज हीटर, जानेवारीचं बिल ३१४ पौंड. हे बरोबर आहे का?

सांगलीकर_लीड्स

नमस्कार. ऑक्टोबरात आम्ही सांगलीहून लीड्सला आलो. फ्लॅट वन बेडरूमचा, तिसऱ्या मजल्यावर. गॅसचं कनेक्शन नाही, सगळं विजेवर. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये भिंतीला लावलेले दोन जुने, जाड नाइट स्टोरेज हीटर (रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापवून दिवसा उष्णता देणारे) आहेत आणि बाथरूमबाहेरच्या कपाटात गरम पाण्याची टाकी. जानेवारीचं बिल ३१४ पौंड आलंय. भाडं आणि कौन्सिल टॅक्स भरून हे आम्हाला झेपणारं नाही.

बिलावर असं आहे: दिवसाचे ८०० युनिट, दर ३१ पेन्स. रात्रीचे ३४० युनिट, दर १४ पेन्स. स्थिर आकार रोजचा ६० पेन्स. बिल रीडिंगवरचंच आहे, अंदाजे नाही.

बाळ सहा महिन्यांचं आहे, त्यामुळे घर गार पडू देता येत नाही. स्टोरेज हीटर सकाळी चांगले तापलेले असतात, पण संध्याकाळी सातपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. मग बाळ झोपेपर्यंत बेडरूममध्ये साधा प्लगचा हीटर लावतो. कपडे मी रात्री साडेबारानंतरच मशीनला लावते. एजंटला विचारलं तर म्हणाला, इलेक्ट्रिक हीटिंगला एवढं येणारच. पण खालच्या मजल्यावर अगदी असाच फ्लॅट आहे, हीटरही तेच, आणि त्या बाईंचं बिल दोनशेच्या आसपास आहे. आमचं कुठे जास्त जातंय ते कोणी सांगेल का?

ट्रेंटकाठ

आम्हीही असेच होरपळलो होतो. सरळ स्टोरेज हीटर बंद करा आणि ऑइल भरलेला रेडिएटर घ्या. तेल बराच वेळ गरम राहतं, वीज कमी लागते.

तारमिस्त्री

ट्रेंटकाठ, रागावू नका, पण हे ऐकून बरीच घरं आणखी खड्ड्यात जातात. तेलाचा असो, पंख्याचा असो, नाहीतर काचेचा महागडा पॅनेल असो, प्लगचा हीटर एका युनिटची उष्णता एका युनिटलाच देतो. दोन किलोवॅटचा हीटर सहा तास पूर्ण चालला की १२ युनिट. ताईंच्या दिवसाच्या दराने ३ पौंड ७२ पेन्स. तीच उष्णता रात्री स्टोरेज हीटरच्या विटांत भरली तर १ पौंड ६८ पेन्स. त्यामुळे ते जुने हीटर मुळीच बंद करू नका.

ताई, मी इथे बरीच वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम करतोय, आणि तुमच्या हीटरपेक्षा तुमचे आकडेच मला खटकले. ज्या घरात दोन स्टोरेज हीटर आणि पाण्याची टाकी रात्री भरतात, तिथे रात्रीचे युनिट दिवसापेक्षा जास्तच असायला हवेत. तुमचं उलट आहे. प्लगचा हीटर धरूनही महिन्याला दिवसाच्या दराचे ८०० युनिट जात नाहीत. मला वाटतं, मीटरवरचे दोन आकडे कंपनीकडे उलटे नोंदलेत. असं होतं. मीटरवर आर-वन, आर-टू एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यातला रात्रीचा कुठला हे सगळीकडे सारखं नसतं.

आज संध्याकाळी आठला मीटरपाशी जा, दोन्ही आकड्यांचा फोटो काढा. ओव्हन आणि तो प्लगचा हीटर तासभर लावा, परत फोटो काढा. जो आकडा पुढे सरकला तो दिवसाचा. बिलावर त्यालाच रात्रीचा म्हटलंय का ते बघा.

आता हीटर. वर दोन बटणं असतील, इनपुट आणि आउटपुट. इनपुट म्हणजे रात्री किती भरायचं. कडाक्याची थंडी असेल तर वाढवा, एरवी मध्यावर. आउटपुट झोपताना पूर्ण बंद. ते उघडं राहिलं तर भरता भरताच उष्णता खोलीत निघून जाते, आणि संध्याकाळी तुम्ही म्हणताय तसं काही उरत नाही. आपल्याकडे चुलीतल्या निखाऱ्यांवर रात्री राख सारतात, तसं ते बंद करायचं आणि दुपारनंतर हवं तेवढंच उघडायचं.

टाकीच्या कपाटातही डोकवा. बहुतेक पाणी तापवणारी दोन एलिमेंट असतील. खालचं रात्री चालतं, वरचं ‘बूस्ट’चं, दिवसाच्या दराने. साधारण तीन किलोवॅटचं असतं. त्याचा स्विच चालू राहिलेला असेल तर आधी तो बंद करा.

ब्रॅडफर्डची_सुमन

बाळ आहे म्हणून सांगते, बिलाच्या भीतीने खोली गार ठेवू नका. हॉलमध्ये कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवल्या की आठवडाभरात कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि ती लहान मुलाच्या छातीला फार वाईट. बाथरूममध्ये वाळत घाला, दार लावून पंखा चालू ठेवा.

आणि एजंटचं ‘येणारच’ ऐकून गप्प बसू नका. बिल तुमच्या नावावर असेल तर वीज कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. मीटरचा प्रकार बदलायचा असेल तेवढं घरमालकाला विचारावं लागतं. शिवाय घराचं ऊर्जा प्रमाणपत्र सरकारी साइटवर पत्ता टाकून फुकट बघता येतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांनाही किमान ‘ई’ दर्जा लागतो (‘ए’ सर्वांत चांगला, ‘जी’ सर्वांत वाईट), काही ठरावीक सवलती सोडल्या तर. तुमचा ‘एफ’ किंवा ‘जी’ निघाला तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, जाता येतं.

सांगलीकर_लीड्स

तारमिस्त्री दादा, काल रात्री आठला बघितलं. ओव्हन लावल्यावर जो आकडा पळाला त्यालाच बिलावर ‘रात्र’ म्हटलंय! आज पहाटे पाचला ह्यांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा दुसराच पळत होता. दोन्ही वेळचे व्हिडिओ काढलेत. बूस्ट बंदच होतं. प्रमाणपत्र ‘डी’ आहे. आता कंपनीला काय लिहू? फोनवरची बाई म्हणाली, मीटर वाचणारे चुकत नाहीत.

तारमिस्त्री

फोन नको, ईमेलच करा आणि त्यात ‘तक्रार’ हा शब्द स्पष्ट लिहा, म्हणजे त्यांच्याकडे तारखेसह नोंद होते. व्हिडिओ जोडा. मागणी दोन ओळींत लिहा: मीटरचे दोन्ही आकडे (रजिस्टर) अदलाबदल करून नोंदवा, आणि घर ताब्यात घेतल्याच्या दिवसापासूनची सगळी बिलं नव्याने काढा. त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो एजंटच्या इन्व्हेंटरीत (घर देतानाच्या नोंदीत) असतो, तो मागवून घ्या.

हिशेब मी केलाय. जानेवारीचे ८०० युनिट १४ पेन्सने ११२ पौंड, ३४० युनिट ३१ पेन्सने १०५ पौंड ४० पेन्स, स्थिर आकाराचे १८ पौंड ६० पेन्स. एकूण २३६. म्हणजे एका महिन्यात ७८ पौंड जास्त घेतलेत.

आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा ‘आमचं हेच अंतिम उत्तर’ असं पत्र आलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. तिथे पैसे पडत नाहीत आणि त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केलात की कंपनीला पाळावाच लागतो. तोवर डायरेक्ट डेबिट रागाने बंद करू नका, थकबाकी लागली की नवी कटकट सुरू होते.

सांगलीकर_लीड्स

ईमेल आत्ताच पाठवला, एजंटकडूनही रीडिंगचा फोटो मागवलाय. काल आउटपुट बंद करून झोपलो तर आज सातनंतरही हीटर कोमट होता, प्लगचा लावावा लागला नाही. खालच्या बाईंना पण बिल घेऊन मीटरपाशी बोलावते. कंपनीचं उत्तर आलं की इथेच लिहीन.