मदत हवी आहे : घड्याळ ठणठणीत, ॲप मेलंय

मंडळी, पप्पांचं स्मार्टवॉच सहा वर्षांचं आहे. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारायची आणि घरी येऊन पावलं मोजून दाखवायची, हा त्यांचा नेम. बॅटरी अजून तीन दिवस टिकते, काचेवर ओरखडा नाही. गेल्या महिन्यात त्यांना अँड्रॉइड १४ चा नवा फोन घेतला आणि घोळ झाला. कंपनीनं ॲप प्ले स्टोअरवरून कधीच काढलंय. जुन्या फोनमधून एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) आणून टाकली, तर इन्स्टॉलच होईना. शोधल्यावर कळलं, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या व्हर्जनसाठी बनवलेली ॲप्स १४ वर घेतच नाहीत.

परवा चार्जिंग संपलं. आता घड्याळात १ जानेवारी, रात्रीचे बारा! वेळ लावायलाही ॲपच लागतं. घड्याळात वेळ लावायची सोय नाही, हे कुणाचं डोकं म्हणायचं?

राजारामपुरीतल्या दुकानदारानं हातात घेऊन बघितलं न बघितलं, "नवीन घ्या की" म्हणाला. पप्पा ऐकत नाहीत. "चालू वस्तू टाकायची व्हय?"

कंपनीच्या ॲपऐवजी चालणारं गॅजेटब्रिज हे मुक्त (ओपन सोर्स) ॲप कुणी वापरलंय का? काही घड्याळांना जोडणीसाठी कंपनीच्या सर्व्हरवरची 'की' (गुप्त कोड) लागते म्हणे. तो सर्व्हरच बंद असेल तर? जुना फोन अजून कपाटात आहे, त्यातलं ॲप उघडतंय, पण लॉगिन होत नाही. तो रिसेट करू की तसाच ठेवू?