मदत हवी आहे: लाटांमधून किनाऱ्यावर सुखरूप परत कसं यायचं?

सर्फिंग शिकायला लागून दोन महिने झाले. बोर्ड 8 फुटी, फोमचा. लीश (बोर्डला जोडलेली दोरी) घोट्याला कायम बांधलेली असते. पोहता चांगलं येतं, एकटी कधीच पाण्यात उतरत नाही. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाणं जमतं, अडचण परत येतानाच होते.

पोटावर झोपून फेसाळ पाण्याबरोबर येऊन पाहिलं. छोट्या लाटेत छान जमतं, पण कमरेएवढी लाट मागून आली की बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि मी उलटते. मागे सरकून झोपले तर लाट निसटते आणि पुढची नेमकी डोक्यावर फुटते. उतरून चालत आले तेव्हा बोर्ड माझ्या आणि लाटेच्या मध्ये आला आणि बरगडीवर आदळला. तेव्हापासून खरंच भीती बसली आहे. रिप करंटमध्ये (किनाऱ्यापासून आत समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहात) सापडल्यास किनाऱ्याला समांतर वल्हवायचं हे माहीत आहे, तो प्रश्न नाही. तळ वाळूचा आहे, खडक नाहीत.

मोठ्या लाटांचा सेट संपेपर्यंत बाहेरच थांबून मग निघायचं का? आणि मागून फेस येऊन भिडतो त्या क्षणी वजन मागे नेमकं कधी आणि किती घ्यायचं?