मदत हवी: आयजीईच्या (ॲलर्जीतल्या प्रतिपिंडाच्या) रिसेप्टरला बीटा साखळी लागते की नाही?

पांढरकवड्याची_एमएस्सी: परवा सेमिनार आहे आणि एकाच जागी अडकले. हा रिसेप्टर अल्फा, बीटा, गॅमा अशा प्रथिनांच्या साखळ्यांचा. नोट्समध्ये आहे की बीटा साखळीचं जनुक बंद असलं की रिसेप्टर पेशीवर येतच नाही. पेपरमध्ये डेन्ड्रायटिक पेशींवर नुसतं अल्फा-गॅमा आहे, तरी रिसेप्टर आहेच! खरं काय? आणि डीएनए सगळीकडे सारखा, मग मास्ट पेशीतच (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणारी पेशी) अल्फाचं जनुक इतकं जोरात काहून? लवकर सांगा, इथे रेंज रात्रीच मिळते.

वर्धेकर: रिसेप्टर कोणता? सीडी२३ सुद्धा आयजीईचाच आहे. बी पेशीवर असतो, आयएल-४ हे संदेश देणारं प्रथिन आलं की पेशीतलं स्टॅट-६ हे प्रथिन त्याच्या जनुकाचं काम वाढवतं.

पांढरकवड्याची_एमएस्सी: अल्फा-बीटा लिहिलं ना दादा! हाय अफिनिटीवाला, म्हणजे आयजीईला घट्ट धरणारा, एफसी-एप्सिलॉन-आर-वन.

बांधावरचा_काका: गाजरगवतानं नाक गयते काय पोरी? फुलावर याच्या आंधी उपटून टाकजा, हातात मोजे घालून.

वर्धेकर: काका, तिचा प्रश्न तो नाही. आणि गाजरगवतानं अंगावर उठतं ते मुख्यतः टी पेशींमुळे. परागानं शिंका येतात, तिथे आयजीई.

बांधावरचा_काका: मोजे तरी घालाच लागते ना बावा.

पिपेट_ताई: नोट्स उंदरावरच्या आहेत की माणसावरच्या? हे आधी सांग.

पांढरकवड्याची_एमएस्सी: पेपर माणसाचा. नोट्समध्ये लिहिलं नाही, पण आकृतीत उंदीर आहे.

पिपेट_ताई: मग दोन्ही खरं. उंदरात बीटाशिवाय रिसेप्टर वर येत नाही. माणसात अल्फा आणि दोन गॅमा पुरतात, म्हणून डेन्ड्रायटिक पेशींवर आणि मोनोसाइटवरही तो सापडतो. मास्ट पेशी आणि बेसोफिलमध्ये (एक पांढरी रक्तपेशी) बीटा असते, ती संकेत कितीतरी वाढवते. प्रत्येक स्लाइडवर प्राणी लिही, नाहीतर व्हायव्यात तिथेच धरतील. जनुकाचं म्हणशील तर सगळं प्रमोटरवर, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागावर, ठरतं: गाटा-१ आणि पीयू.१ हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुक चालू-बंद करणारी प्रथिनं) अल्फाच्या प्रमोटरवर मिळून काम करतात.

वर्धेकर: 'सगळं' नका म्हणू ताई. आयजीई चिकटलं की रिसेप्टर पेशीवर टिकतो, मोकळा असला की आत ओढला जातो. ओमालिझुमॅब हे औषध रक्तातलं मोकळं आयजीई पकडतं, तर बेसोफिलवरचे रिसेप्टरही घटतात. त्यात प्रमोटर कुठे आला?

पिपेट_ताई: टिकायला आधी तयार व्हावा लागतो! तिनं जनुकाचंच विचारलंय.

पांढरकवड्याची_एमएस्सी: भांडू नका, दोन्ही लिहिते. पण गाटा-१ तर लाल पेशी घडवणाऱ्या पेशींतही असतो. तिथे रिसेप्टर का नाही?

पिपेट_ताई: तिथे पीयू.१ दाबलेला असतो. गंमत म्हणजे लाल पेशी घडताना हे दोघे एकमेकांना अडवतात, आणि अल्फाच्या प्रमोटरवर एकमेकांना साथ देतात. सेमिनारमध्ये यावर पाच मिनिटं घे, हाच खरा गाभा आहे.

वर्धेकर: मास्ट पेशीसाठी गाटा-१ चा भाऊबंद गाटा-२ पण घे.